टाक्याच्या एक इंच वर

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि कय्युम शेख गाडीखाली होते. पाठीखाली गोणपाट, छातीवर टॉर्च, उजव्या हातात तारेचा ब्रश. मागच्या डाव्या चाकाजवळ, कमानीचे पाटे जिथं चेसिसला अडकवलेले असतात, त्या लोखंडी ब्रॅकेटवरचा वाळलेला चिखल ते खरवडत होते. थोडं लोखंड उघडं पडल्यावर रेघ दिसली. केसाएवढी, तिरकी. ब्रॅकेट आणि चेसिस यांच्यामधल्या कंपनीच्या जोडावरूनच ती निघाली होती.

“तडा हाय,” ते खालूनच म्हणाले.

“ते मला सांगता व्हय? काल गाडी खेकड्यावानी तिरपी चालत होती,” बाहेर उभे असलेले साहेबराव साळवे म्हणाले.

साहेबराव मिटमिट्याचे. पाण्याचे जार भरायचे आणि क्रांती चौकाच्या आसपासच्या कार्यालयांत पोचवायचे, हा त्यांचा धंदा. त्यासाठी त्यांनी ‘भारवाह’ नावाची छोटी मालगाडी घेतली होती. गाडी अकरा महिन्यांची होती आणि कंपनीची हमी दोन वर्षांची. त्या सकाळी मागं साठ जार भरलेले होते आणि पहिलं कार्यालय साडेआठला उघडणार होतं.

“हमी हाय तर कंपनीत न्या ना,” कय्युमभाई म्हणाले.

“दोनदा नेली. पार्ट पुण्याहून यायचाय म्हणले, आला की फोन करू. फोन आला नाय, मेसेज आला. वाचू?” साहेबरावांनी मोबाइल लांब धरला. “‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.’ समाधान कुणाचं झालं ते काय लिहिलं नाय.”

“हेल्पलाइनला लावायचा.”

“लावला की. धा मिनटं गाणं ऐकवलं. मग एक बाई लई गोड बोलली. सगळं ऐकून घेतलं अन् इचारलं, सर, और कोई सेवा? म्हणलं बाई, आधी एक तर करा.”

गाडीखालून हसण्याचा आवाज आला. मग ग्राइंडरचा. पाऊण तासात कय्युमभाईंनी तडा कोरून उघडा केला, त्यात वेल्डिंग भरलं आणि ते घासून आजूबाजूच्या लोखंडाबरोबर सपाट केलं. वरून चेसिसच्या रंगाचा काळा हात दिला. नवा टाका कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे हात फिरवूनही कळलं नसतं. आठच्या सुमारास साहेबराव जार घेऊन निघाले.

कय्युमभाईंनी जोडलेला भारवाहचा हा सतरावा ब्रॅकेट. त्यांनी मोजलेलं नव्हतं. आकडा नंतर कळला.

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादकडं जाताना पडेगावात, रस्त्याच्या डाव्या हाताला त्यांची पत्र्याची शेड आहे. पाटी नाही. वय चौपन्न. आधी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात अकरा वर्षं ते तेलाच्या मोठ्या टाक्या जोडत. कारखाना बंद पडला तेव्हा वेल्डिंगचं जुनं मशीन त्यांनी तिथूनच विकत घेतलं. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ या पट्ट्यातल्या मालगाड्या तेव्हापासून त्यांच्याकडं येतात. पेरू, दूध, मंडपाचे बांबू, पाण्याचे जार. गाडीवाल्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, माल राहतो. पेरूवाला, दूधवाला, जारवाला.

दिसणाऱ्या जोडाला ते ठिगळ म्हणतात. आपलं काम दिसू नये ही त्यांची एकच अट. गाड्या विकणाऱ्यांनाही ते सोयीचं होतं, कारण गिऱ्हाईक खाली वाकून पाहतं तेव्हा त्याला काहीच सापडत नाही.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथं गाडी नेली की आधी तारीख मिळते, मग गाडी उभी राहते. मालवाहू गाडी चार दिवस उभी राहिली तर पाचव्या दिवशी गिऱ्हाईक दुसऱ्याचं झालेलं असतं. म्हणून तडा गेला की भारवाहवाले आधी पडेगावात थांबत, आणि तिथं थांबले की पुढं जायची गरजच पडत नसे. दीड वर्षात तेवीस गाड्या अशा परस्पर नीट झाल्या. कंपनीच्या संगणकात त्यांतल्या एकीचीही नोंद नव्हती. साहेबरावांची होती, ती बंद झाली होती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात साहेबराव एका लग्नाचे जार घेऊन खुलताबादला चालले होते. दौलताबादच्या पुढच्या घाटात, वळणावर मागचा डावा ब्रॅकेट तुटला. मागचा आस एका बाजूला सरकला, गाडी कठड्याला घासत गेली आणि आडवी झाली. साहेबरावांची उजवी मांडी मोडली. घाटी रुग्णालयात एकोणीस दिवस काढून, मांडीत सळई घालून ते घरी आले.

आठवड्याभरानं कंपनीचं पत्र आलं. ते घेऊन त्यांची मुलगी मोनाली पडेगावात आली. मोनाली पंचवीस वर्षांची. जिल्हा न्यायालयासमोर टायपिंग आणि झेरॉक्सच्या दुकानात ती काम करते. कागद तिला नवे नाहीत. तिनं पत्र उभ्यानंच वाचून दाखवलं. ब्रॅकेट अनधिकृत वेल्डिंगच्या उष्णतेमुळे कमकुवत होऊन तुटल्याचे निदर्शनास आले आहे. सबब हमी लागू होत नाही. तसेच आपल्या भागातून या मॉडेलबाबत अशा स्वरूपाची एकही तक्रार प्रलंबित नाही.

“चाचा, हे खरं आहे का?”

“एकही तक्रार नाही, हे?”

“ते नाही. तुमच्या वेल्डिंगनं तुटला, हे.”

कय्युमभाईंनी हातमोजे काढून मशीनवर ठेवले. “बघावं लागंल,” ते म्हणाले.

गाडी सर्व्हिस सेंटरच्या मागच्या आवारात पडून होती. बरंच समजावल्यावर पहारेकऱ्यानं त्यांना दोन मिनिटं दिली. त्यांनी गुडघे टेकून पाहिलं. त्यांचा टाका शाबूत होता. ब्रॅकेट तुटला होता तो टाक्याच्या एक इंच वर, लोखंड जिथं वाकवलेलं असतं त्या कोपऱ्यात.

दुसऱ्या कुणाला एवढ्यानं हायसं वाटलं असतं. पण कय्युमभाई वेल्डर आहेत. टाका घट्ट बसतो, पण त्याच्या शेजारचं लोखंड तापून कडक होतं, कधी ठिसूळही होतं, हे त्यांना ठाऊक होतं. तडा टाक्यात न जाता टाक्याशेजारी जातो तेव्हा दोष कित्येकदा वेल्डरच्या हाताचाच असतो. कंपनीनं लिहिलं होतं ते खोटं असेल, पण अशक्य नव्हतं. आपल्या कामामुळं माणूस पडला की नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सांगता येत नव्हतं.

ते मिटमिट्याला गेले. साहेबराव खाटेवर, पायाखाली दोन उशा.

“टाका तर जागेवर हाय म्हणं. मग तुमचा काय दोष?” साहेबराव म्हणाले. “बसा. तिकडं नका, माझ्या पायाला धक्का लागंल. तेवढीच एक गोष्ट कंपनीनं मोडायची राह्यली.”

टाका जागेवर असणं म्हणजे दोष नसणं नव्हे, हे कय्युमभाईंनी त्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं नाही. चहा पिऊन ते परत आले.

मोनालीनं वडिलांच्या नावानं जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. वकिलांनी तिला एकच विचारलं, हाच दोष आणखी कुणाच्या गाडीत निघाला का? ती पुन्हा पडेगावात आली. कय्युमभाईंनी माल आठवून आठवून सांगितला, तिनं माणसं शोधली आणि आकडा तेवीस निघाला. वकिलांनी कंपनीला नोटीस पाठवली. कंपनीनं पाहणीसाठी एक इंजिनिअर पाठवायचं कबूल केलं.

एप्रिलमधल्या एका दुपारी पडेगावच्या मैदानात सात भारवाह ओळीनं उभ्या राहिल्या. बाकीच्यांना भाडी होती. इंजिनिअरचं नाव अभय, वय तिशीच्या आत, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. तो प्रत्येक गाडीखाली झोपला. टॉर्च मारली, बोटानं चाचपलं, फोटो काढले. सातव्या गाडीखालून निघाला तेव्हा त्याच्या पाठीला सगळं मैदान लागलेलं होतं.

“तडा कुठं आहे?”

“व्हता ना,” दौलताबादचे सांडू म्हणाले. एरवी पेरू आणि उन्हाळ्यात आंबे वाहणारे सांडू पन्नाशीचे आहेत आणि त्यांना चारचौघांत बोलायला आवडतं. “कय्युमभाईनं काढला.”

“ठीक आहे. कुठं होता ते तरी दाखवा.”

सांडू खाली वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग कौतुकानं म्हणाले, “नाय दिसायचा साहेब. कय्युमभाईचं काम हाय ते. तुमची कंपनी बी शोधू शकायची नाय.”

सगळे हसले. अभयलाही हसू आलं. मोनाली तेवढी हसली नाही. तिच्याकडं पाहून एकेकाचं हसू ओसरलं, कारण अभय तोवर पाहणीचा कागद भरू लागला होता. सातही गाड्यांपुढं त्यानं एकच वाक्य लिहिलं. कोणताही दोष आढळला नाही.

जाताना तो कय्युमभाईंच्या शेडपाशी थांबला. “चाचा, तुमच्यासारखा वेल्डर आमच्या कारखान्यात नाही. पण मला दिसतं तेवढंच लिहिता येतं. हात न लावलेला एक तडा दाखवा. मी तो लिहीन.”

“लिहाल?”

“माझ्यापुरतं लिहीन. वर त्याचं काय होतं ते माझ्या हातात नाही.”

हात न लावलेला तडा तीन आठवड्यांनी आला. आणला इम्राननं. इम्रान कय्युमभाईंच्या बहिणीचा मुलगा आणि त्यांच्या थोरल्या मुलीचा, शाइस्ताचा नवरा. राहतो मुकुंदवाडीला, मंडपाचं सामान वाहतो. त्याची भारवाह आठ महिन्यांची होती आणि घ्यायच्या आधी त्यानं मामूंनाच विचारलं होतं.

“मामू, पीछे से कटकट आवाज आता,” तो म्हणाला. “शाम को करमाड का मंडप है. दो घंटे में करके दो.”

कय्युमभाई गाडीखाली गेले, चिखल काढला आणि रेघ पाहिली. तीच, तिथंच. हात सवयीनं वेल्डिंगच्या होल्डरकडं गेला. तो त्यांनी मागं घेतला.

“नाय जोडणार,” बाहेर येऊन ते म्हणाले.

“म्हणजे?”

“गाडी हितंच राहील. आयोगाचा माणूस येऊन बघेपर्यंत.”

“कब आएगा वो?”

“माहीत नाय.”

इम्राननं गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “दुनिया की गाडियाँ जोडते तुम. पेरूवाले की, दूधवाले की. घर के दामाद की आई तो तुमको कोर्ट याद आया?”

“दुनियेच्या जोडल्या म्हणूनच आली ही वेळ.”

“सीझन है मामू. शादियाँ कंपनी के वास्ते रुकती क्या?”

तो रिक्षा करून गेला. अर्ध्या तासात शाइस्ताचा फोन आला. “अब्बा, त्यांनी आवाज चढवला असेल तर मी माफी मागते. पण गाडी तर द्या.” कय्युमभाईंनी तिला घाटातलं वळण सांगितलं, साहेबरावांच्या मांडीतली सळई सांगितली. ती म्हणाली, “हे त्यांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर माहेरची बाजू घेते म्हणतील.” ते त्याच संध्याकाळी मुकुंदवाडीला गेले. इम्राननं सगळं ऐकून घेतलं. करमाडच्या मंडपाला त्यानं दुसऱ्याची गाडी लावली होती. सीझनभर त्याला तीच लावावी लागली.

दुसऱ्या दिवशी कय्युमभाईंनी एक जुनी गोष्ट केली. चिकलठाण्याच्या कारखान्यात टाकीचा जोड तपासायला ते रॉकेल आणि खडू वापरत. लोखंडावर रॉकेल फासायचं, वीस मिनिटं थांबायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड लावायची. डोळ्याला न दिसणारी चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल खडूवर उमटतं. पडेगावात त्यांनी हे कधी केलं नव्हतं. गिऱ्हाईक घाईत असे, आणि तडा तर दिसतच होता.

इम्रानच्या ब्रॅकेटवर पांढऱ्या पुडीतून आधी खालची रेघ उमटली, माहीत असलेली. ते वाट पाहत पडून राहिले. काही मिनिटांनी वर आणखी एक करडी रेघ आली. बारीक, अर्ध्या बोटाएवढी, वाकवलेल्या कोपऱ्यात. खालच्या रेघेच्या एक इंच वर.

या लोखंडाला कुणाचीही आग लागलेली नव्हती. वरची चीर वेल्डिंगनं पडत नव्हती. ती आधीपासून तिथं होती, कंपनीतून येणाऱ्या ब्रॅकेटच्या वाकणातच. साहेबरावांची गाडी त्यांच्या हातानं तुटली नव्हती.

हे समजल्यावर ते बराच वेळ गाडीखालून बाहेर आले नाहीत. कारण पुढचा हिशेबही त्यांना लगेच समजला होता. तेवीस ब्रॅकेट त्यांनी जोडले होते. प्रत्येक वेळी खालची रेघ सापडली की शोध थांबवला होता. वरची चीर असेल तर ती तशीच राहिली होती आणि तिच्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं ग्राइंडर फिरवून, काळा रंग देऊन गाडी रस्त्यावर सोडली होती. त्या सकाळी साहेबरावांना आणखी अर्धा तास थांबवलं असतं तर जार उशिरा पोचले असते, एवढंच.

मोनालीनं दोन्ही रेघांचे फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून. ते अभयला आणि, इम्रानच्या नावानं तक्रार करून, कंपनीच्या हेल्पलाइनला पाठवले. अभय दोन दिवसांनी येऊन खडू स्वतः लावून गेला आणि म्हणाल्याप्रमाणं त्यानं लिहिलं, मूळ ब्रॅकेटमध्ये दोन ठिकाणी तडे आढळले. हेल्पलाइनकडून उत्तर आलं की, फोटो अधिकृत कार्यशाळेतील नसल्याने ग्राह्य धरता येत नाहीत. आठवड्यानं इम्रानच्या मोबाइलवर मेसेज आला. त्याची तक्रार समाधानकारकरीत्या बंद झाली होती.

आयोगात द्यायचं कय्युमभाईंचं शपथपत्र मोनालीच टाइप करणार होती. दुकानात गर्दी नव्हती. तिनं पहिला परिच्छेद वाचून दाखवला आणि थांबली.

“चाचा, वकील म्हणतात इम्रानभाईंच्या गाडीपुरतंच लिहा. दोन रेघा, वेल्डिंग नाही, बस. बाकीच्या गाड्यांचं काढलं तर कंपनी तुमच्यावरच उलटेल. लायसन नाही, नोंद नाही, म्हणतील यानंच सगळं झाकलं.”

“झाकलंच की.”

“तुम्ही मुद्दाम नाही झाकलं.”

“ते खाली लिही. वर तेवीस लिही. खालची जोडली, वरची बघितली नाय, असं लिही.”

“पप्पांच्या गाडीचं पण?”

“तिच्यापासनंच सुरू कर.”

तिनं बोटं कीबोर्डवर ठेवली. मग तिनं टाइप केलं.

तिथून कय्युमभाई थेट मिटमिट्याला गेले. साहेबराव आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालत होते. कय्युमभाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोन रेघा, खडू, अर्धा तास. सांगून झाल्यावर साहेबरावांनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी धरून पाय ओट्यावर घेतला.

“मोनालीला माहीत हाय?”

“तिनंच टाइप केलं.”

“मग तिनं सांगितलं असतं की.”

“मी सांगायला पायजे होतं. तवाच, मार्चमदी.”

“व्हय,” साहेबराव म्हणाले. “तवा सांगायला पायजे होतं.” त्या दिवशी त्यांनी चहाचं विचारलं नाही. कय्युमभाई फाटकापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला. “बाकीच्यांना बोलवा आधी. सांडूला घाटातनंच जावं लागतं रोज.”

बोलावणं सोपं नव्हतं. चालणारी गाडी कुणाला थांबवायची नसते. सांडूंनी फोनवरच हात झटकले. “साहेबानं लिहून दिलं ना, दोष नाय म्हणून? आता तुम्हीच दोष काढता? आंब्याचे दिस हायेत कय्युमभाई, थट्टा नका करू.” चौथ्या फोनला ते आले, घुश्श्यात. कय्युमभाईंनी स्वतः दिलेला काळा रंग तारेच्या ब्रशनं खरवडून काढला, रॉकेल फासलं, खडू लावला. सांडू शेजारी गोणपाटावर पालथे पडून पाहत होते. सांडूंच्या डोळ्यांदेखत रेघ उमटली. बाहेर आल्यावर त्यांनी आंबे उतरवण्यासाठी पुतण्याला दुसरी गाडी घेऊन बोलावलं.

आजवर नऊ गाड्या तपासून झाल्या. सहांत वरची रेघ निघाली. त्या सहांतल्या चार मालकांनी सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार देऊन पोच घेतली आहे, अर्ज मोनालीनं टाइप केले. दोघांनी रेघ पाहूनही गाडी चालूच ठेवली आहे. त्यांना कय्युमभाई रोज फोन करतात. एक उचलतो, एक उचलत नाही. सर्व्हिस सेंटरनं चौघांनाही पार्ट आला की फोन करू असं सांगितलं आहे. कंपनीनं आयोगापुढं अजून लेखी म्हणणं मांडलेलं नाही, मुदत वाढवून मागितली आहे. इम्रानची गाडी शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. तिच्या ब्रॅकेटभोवती मोनालीनं आणलेल्या पांढऱ्या कापडी पट्टीवर तारीख आणि तिची व कय्युमभाईंची सही आहे.

भारवाहचा ब्रॅकेट कय्युमभाई आता जोडत नाहीत. नांगराचे फाळ, लोखंडी दारं आणि ट्रॉलीचे हूक जोडतात. गेल्या आठवड्यात एका फाळाचा टाका त्यांनी घासला नाही, तसाच उंच ठेवला. शेतकऱ्यानं विचारलं, हे आज काय? ते म्हणाले, राहू द्या, दिसू द्या.

उद्या बुधवार. साडेसहाला माळीवाड्याची दुधाची गाडी यायची आहे आणि आठला शरणापूरची विटांची. विटांच्या मालकानं येतो असं आज दुपारी कळवलं आहे. खडूची पूड करून डब्यात भरून ठेवली आहे. दोन्ही गाड्या पाहून झाल्यावर कय्युमभाई शेड बंद करतील, कारण अकरा वाजता आयोगात तारीख आहे. उद्याच्या यादीत साहेबराव साळवे यांचं प्रकरण चौदावं आहे.